सलीलचं नाव

कपाशीवरचे रोग, जमिनीचा कस, भूजल. तिन्ही विषयांतल्या सलीलच्या संशोधनाचा दाखला जगभरचे शास्त्रज्ञ देत होते. यंदा तो आर्णीला घरी आला, तो सोबत काम करणाऱ्या भैरवीला घेऊनच. दोघांनी लग्नाचं ठरवलंय, एवढंच आईला सांगायचं होतं. पण धीर होईना, म्हणून गडी तासभर आपल्या शोधनिबंधांवरच बोलत बसला.

"दाखला देतात म्हंजे काय करतात रे?" आईनं पोह्यांच्या बश्या ठेवत विचारलं.

"अवं आई, ते आपल्या लेखात माझं नाव घेतात. आतापर्यंत हजारो लोकांनी घेतलं!"

आई गालात हसली आणि भैरवीकडे वळली.



"मंग पोरी, तू कधी घेशीन याचं नाव... उखाण्यात?"