वैशाखातला अर्धा हंडा

"हा हंडा हाय का परात?" बाईजानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवलं.

अक्षदाचा माउसवरचा हात थांबला. शहापूरच्या एस.टी. स्टँडसमोरच्या या फ्लेक्सच्या दुकानात गिऱ्हाईक पडद्याजवळ यायचं ते आपला फोटो कुठं आहे ते बघायला. चित्र असं डोळे बारीक करून वाचणारं कुणी तिनं पाहिलं नव्हतं.

बाईजाचा पाडा भातसा धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथल्या बायांनी मिळून कागदावर पाण्याचा तक्ता काढला होता. दिवाळीनंतर एका घराला दिवसाला किती हंडे पाणी मिळतं, ते महिन्यामागून महिना मांडलेलं. कार्तिकात हंड्यांची उंच उतरंड. मग ती खाली खाली येत वैशाखात नुसता अर्धा हंडा, कारण तेव्हा एका घराला दिवसाआड एकच मिळतो. उद्या भातसानगरला पाण्याच्या योजनेची मिटिंग होती. मोठे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर भिंतीवर टांगायला बायांना तो तक्ता मोठा करून हवा होता.

त्या भिंतीला वर खिडक्या, खाली बाकडी. मोकळी होती ती मधली लांबट आडवी पट्टी. म्हणून अक्षदानं कॉम्प्युटरवर उतरवलेला अख्खा तक्ता निवडला, एका बाजूनं धरला आणि पट्टी भरेपर्यंत ओढला. तक्ता पसरला तसे हंडेही पसरले. अक्षरं बसकी झाली. कार्तिकाची उतरंड फतकल मारून बसल्यासारखी दिसू लागली.

"चालतंय मावशी," शेखर म्हणाला. दुकान त्याचं होतं. "लांबून हंड्याचा आकार कोण बघतो? अक्षदा, प्रिंटला टाक. लाईट जायची वेळ झाली."

बाईजा त्याच्याकडं वळली नाही. "तू बघ ना गो पोरी. वैशाखात अर्धा हंडा हाय. पन ह्या रुंदीत भरल्या घमेल्यावानी दिसतो. सायेब म्हनंल, एवढं तर पानी हाय तुमाला, अजून काय पायजे?"

अक्षदानं वैशाखाकडं पाहिलं. आकडा तोच होता. रेघही बरोबर अर्ध्यावर होती. तरीही तिथं पाणी भरपूर वाटत होतं. आपल्या हातून खोटं निघत होतं आणि ते आपल्याला दिसलंही नाही, यानं तिला कसंसंच झालं.

"दादा, मी हे परत करते."

"आता?"

"आताच."

तिनं ओढलेलं सगळं मागं घेतलं. मग तक्ता सुटा केला. हंडे वेगळे, अक्षरं वेगळी, रेघा वेगळ्या. हंडा होता तसाच ठेवला. तळाची रेघ तेवढी लांबवली आणि तिच्यावर एकेका महिन्याची उतरंड उचलून पुढं सरकवायला लागली. ताणायची ती मधली जागा, हंडे नाहीत. कार्तिक बसला, मार्गशीर्ष बसला, पौष बसला. माघ उचलला आणि पडदा काळा झाला. पंखा घरघरत थांबला.

"सेव्ह केलं होतंस?" शेखरनं विचारलं.

अक्षदानं मान हलवली. नाही.

"बघ. तरी सांगत होतो."

"मला संध्याकाळच्या गाडीनं जायाचं हाय," बाईजा म्हणाली. "त्याच्यामागं गाडी नाय."

"त्या गाडीनंच जाल मावशी."

दाराशी उजेड होता. अक्षदा तक्त्याचा कागद आणि फूटपट्टी घेऊन उंबऱ्यावर बसली. भिंतीवरच्या पट्टीची लांबी महिन्यांत वाटली, दोन उतरंडींच्या मध्ये किती जागा सोडायची ते काढलं, चुकलं, पुन्हा काढलं. शेखर दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा त्यानं तिघांसाठी चहा सांगितला.

लाईट आली तेव्हा ती कार्तिकापासून लागली. या वेळी एक महिना ठेवला की सेव्ह, दुसरा ठेवला की सेव्ह. कुठं अडखळली नाही. शेवटी अक्षरं पायथ्याशी बसवली आणि खुर्ची मागं सरकवली. पट्टी भरली होती, पण हंडा हंडाच होता. पोट गोल, गळा निमुळता. वैशाखात अर्धा, आणि अर्धाच दिसणारा.

बाईजानं पुन्हा पडद्याजवळ तोंड नेलं. बराच वेळ पाहिलं. "हां," एवढंच म्हणाली.

शेखरनंही वाकून पाहिलं. "झालंय बेस. पण फाल्गुनापासून पुढं नुसतंच पांढरं दिसतंय. एवढी जागा रिकामी जाते. सरपंचांचा फोटो टाकू का मावशी? नायतर एखादा धबधबा?"

"नको रे भाऊ. ती रिकामी नाय." चैत्राचे दोन हंडे आणि वैशाखाचा अर्धा, यांच्या मधल्या पांढऱ्यावरून बाईजानं हळूहळू बोट नेलं. "हितून आमी पान्याला चालत जातो."

शेखरनं स्वतःच उठून मशीन सुरू केलं.

फ्लेक्स बाहेर यायला लागला. आधी कार्तिकाची उतरंड आली, निळी, ओली. मग तिच्याहून ठेंगणी, मग त्याहून. चैत्राचे दोन हंडे आले. त्यानंतर मशीनचं डोकं या टोकापासून त्या टोकापर्यंत जात राहिलं, येत राहिलं, फ्लेक्सवर तळाच्या रेघेशिवाय काही न उमटवता. बाईजा त्याच्याबरोबर मान फिरवत उभी होती.