केस

"आधी विचारा, चहा की कॉफी," वहिनी लॅपटॉपमधल्या समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांना सांगत होत्या. "आणि घर सोडून आलेली बाई म्हणेल तेच द्या. आजवर तिचं सगळं दुसऱ्यांनीच ठरवलंय. निदान कपात काय असावं, एवढं तरी तिला ठरवू दे."

दाराबाहेर बेबी दोन कप कॉफी घेऊन उभी होती. चौतिशी गाठली तरी माहेरी ती बेबीच. तीन महिन्यांपूर्वी एका बॅगेनिशी नवऱ्याचं घर सोडून ती भावाकडे आली, तेव्हापासून वहिनी तिला दिवसातून दोनदा विचारत होत्या, चहा की कॉफी. तिला वाटायचं, किती मायेने विचारतात.

"दुसरं. तिच्या आणि दाराच्या मध्ये कधीही बसू नका."

जेवायच्या टेबलाशी दाराजवळची खुर्ची बेबीला पहिल्याच दिवशी मिळाली होती. त्याआधी ती वहिनींची होती.

"तिसरं. 'का' हा शब्द विसरा. का राहिलीस, का निघालीस, का रडतेस. 'का' म्हटलं की जखमी माणसाला आरोपी झाल्यासारखं वाटतं. आणि आवाज चढवायचा नाही. भांडं पडू दे, दूध उतू जाऊ दे, जग बुडू दे."

मुलं हसली. बेबीला हसू आलं नाही. गेल्याच आठवड्यात तिच्या हातून दूध उतू गेलं होतं, आणि ओटा पुसता पुसता वहिनी गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "काही हरकत नाही." वहिनी म्हणजे सोनं, असं तिने मैत्रिणीला फोनवर सांगितलंसुद्धा होतं. आता मनात पाल चुकचुकली. उतू गेलेल्या दुधाला हरकत नाही, असं कोण म्हणतं?

"मॅडम, हे पुस्तकातलं की तुमच्या अनुभवातलं?" एका मुलीने विचारलं.

"माझ्या पीएच.डी.साठी सध्या एक केस चालू आहे. हे सगळं तिच्याकडूनच शिकतेय मी."

केस. बेबीने दोन्ही कप तसेच स्वयंपाकघरात नेऊन ठेवले.

सासरीसुद्धा पहिलं वर्ष सगळे गोडच वागले होते. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत हे तिला कळत होतं, पण एकेक वासा आपोआप मोजला जात होता. तिच्या खोलीला वहिनींनी आतून नवी कडी बसवून घेतली, ती कशासाठी? दर शनिवारी ऑनलाइन गाईडशी बोलताना वहिनी दार लावून घेतात, ते कशासाठी? प्रबंध लिहून झाला की केस बंद होते. मग बॅग उचलून कुठे जायचं?

वर्ग संपला. वहिनी तोंडावर पाणी मारून परत आल्या, तर बेबी त्यांच्या लॅपटॉपसमोर बसलेली.

"वहिनी, माझ्या हातून तुमचं चौथं प्रकरण उडालं."

घरात तीन महिने त्या चौथ्या प्रकरणाचाच जप चालू होता. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, एक, दोन, तीन, चार.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. मघाचाच आवाज, वर्गातला. "तू घाबरली असशील. थोडा वेळ एकटं बसायचंय, की मी थांबू?"

बेबी खुर्चीतून उठली. म्हणजे खरंच होतं. घरचं माणूस असतं, तर असं बोललं असतं?

"प्रबंध झाल्यावर या केसला कुठे पाठवणार, वहिनी?"

"कुठल्या केसला?"

"मला. तुमची चालू केस. दाराबाहेरून ऐकलं मी सगळं."

वहिनींचा बांध फुटला.

"तू? केस? अगं, ती केस आधारगृहातली सत्तर वर्षांची आजी आहे! गाईड दर शनिवारी माझ्या मागे लागतात, घरातच आहे तर नणंदेची मुलाखत घ्या म्हणून, आणि दर शनिवारी दार लावून मी त्यांच्याशी भांडते! तुझे केस या घरात फक्त बाथरूमच्या जाळीत आहेत, आणि ते रोज सकाळी मी काढते! तीन महिने! एका शब्दाने बोलले का तुला? आणि माझं प्रकरण का उडवलंस? सांग ना, का? दीड वर्षं घातली त्यात मी, बेबे!"

आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. बेबीचे खांदे सवयीने कानांपर्यंत चढले. तिने वाट पाहिली. पुढे काहीच आलं नाही. समोर नुसत्या वहिनी होत्या, लालबुंद नाकाच्या, धापा टाकणाऱ्या. खांदे हळूहळू खाली आले.

"नाही उडवलं. आहे तिथेच आहे ते."

वहिनींनी लॅपटॉप ओढून घेतला, प्रकरण शेवटच्या पानापर्यंत पळवत पाहिलं, आणि मग कुठे त्यांचा हात तोंडावर गेला.

"मी ओरडले तुझ्यावर," त्या पुटपुटल्या. "शिकवते काय आणि करते काय! चुकलंच माझं. बेबी, पुन्हा कधी—"

"ओरडा हो, वहिनी." तिला रडू येत होतं, आणि इतकं बरं तिला तीन महिन्यांत एकदाही वाटलं नव्हतं. "अजून काय काय साठलंय पोटात?"

"छे, काही नाही."

"खरं सांगा."

वहिनींनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग खुर्ची ओढून त्या ऐसपैस बसल्या.

"ओला टॉवेल," त्या म्हणाल्या. "पलंगावर. रोज."