हळदीचा कागद

अन्नातली रसायनं पर्यावरणाला धक्का न लावता पकडण्याचा शोध मृत्युंजय सरांनी अखिल मानवजातीसाठी अहमदपुरात लावला. उद्घाटनाला मानवजात फारशी आली नाही. जी आली ती चहापुरती.

शोध सोपा होता. हळदीत भिजवून वाळवलेला कागद दुधात बुडवायचा. दुधात सोडा असेल तर तो लाल होतो. पहिला मान किराणा-डेअरीवाल्या बसवराजअप्पांच्या दुधाला. त्यात सोडा असतो हे सरांची जीभ कैक वर्षं सांगत होती, आज ते चारचौघांत सिद्ध करायचं होतं.

कागद पिवळाच्या पिवळा बाहेर आला.

"काय सर, उगं बदनाम करून राहिलात गरिबाला!" म्हणत अप्पांनी शुद्धतेचं प्रमाणपत्र सरांच्याच हातून घेतलं, वर फोटोही काढवला.

घरी सरांच्या पत्नी महानंदाबाईंनी उरलेल्या कागदाला पानाचा चुना फासला. चुना लागला की हळदीचं कुंकू होतं, हे त्यांना कॉलेजात शिकावं लागलं नव्हतं. कागद पिवळाच राहिला.

"अहो, ह्याला हळद म्हणता व्हय? आणली कुठून?"



बसवराजअप्पांच्या दुकानातून. रोजच्या दुधासोबतच.