एक्केचाळीस वासरं

कागद तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा डॉक्टर चंद्रिकाचे हात भाकरीच्या पिठात होते. फोन वाजला. तिनं तो कोपरानंच जवळ ओढला, वैद्यकीय मासिकाचं नाव वाचलं आणि तवा तसाच सोडून लॅपटॉपकडे धावली.

"भाकरी करपली की गं!" मल्लव्वा आतून ओरडल्या. सुनेचं डॉक्टर असणं त्यांना मान्य होतं, तव्यावरची भाकरी सोडून पळणं नाही.

"आत्याबाई, कागद आलाय!"

"त्योच? सुंतेचा?" मल्लव्वा उलथनं घेऊन दारात आल्या. "आठ म्हैने झाले. चार बायकांत सांगता यीना, आमची सून कशावर भांडती ते."

भांडण साधं होतं. लहान मुलाची सुंता करताना टाके घालायचे की प्लास्टिकची कडी बसवायची? अठरा वर्षांपूर्वीचं एक संशोधन म्हणत होतं, टाकेच बरे. सगळ्यांनी ते मानलं. नवा लेख म्हणत होता, तसं काही नाही. कडीनं जखम तितकीच छान भरते, सुई टळते आणि मूल दुपारीच घरी जातं. लेख छापून आला तर किती पोरांचं रडणं वाचणार होतं!

पण तो तपासणीत अडला होता. लिहिणारा कोण, तपासणारा कोण, हे एकमेकांना कळू द्यायचं नाही, असा मासिकाचा नियम. निनावी पत्रं जात होती, येत होती, आणि प्रश्न एकच होता. कडी बसवलेली एक्केचाळीस मुलं पुन्हा दवाखान्यात फिरकलीच नाहीत, त्यांचं काय झालं? जुन्या संशोधनात टाके घालून परत न आलेली मुलं सरळ बरी झाली म्हणून मोजली होती. तीच चूक पुन्हा नको होती.

चंद्रिकानं सोबतचं उत्तराचं पत्र ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"सापडली," ती म्हणाली. "एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. घरोघर जाऊन बघितलीत."

"बरी हायत न्हवं?"

"खणखणीत. एक तर डॉक्टर आलेले बघून चिंचेवर चढून बसला. तासभर उतरेना."

मल्लव्वांनी पदर तोंडाला लावला. "मग तपासायचं काय ऱ्हायलं? जखम भरल्याबिगर कोन चिंचेवर चढतंय?"

दोघी हसत सुटल्या. हसता हसता मल्लव्वांनी सूर धरला,

"एक्केचाळीस वासरं गं, गेली माळानं पांगून,
सांजेला दारी आली, आपलं नाव गं सांगून."

चंद्रिकानं फडताळातून जुन्या संशोधनाचा अंक काढला. बेचाळिसावं पान तिनं न शोधता उघडलं. त्यावरची धूळ तळहातानं पुसली, लेकराचं कपाळ पुसावं तशी.

"ह्ये आता खोटं पडनार?" मल्लव्वांनी विचारलं.

"पडणार."

"अठरा वर्सांचं नाव. ल्हिनाऱ्याला काय वाटंल गं?"

"आधी लागेल मनाला."

"आन मग?"

चंद्रिकानं अंक मिटला. "तुमची हुग्गी कुठवर आली?"

"व्हतीय की. भांडान मिटलं तर करीन म्हनलं हुतं, गहू कवाच शिजलाय. गूळ टाकायचा बाकी हाय."

"टाका मग. हात सैल सोडून टाका."

गुळाचा वास बाहेर येईपर्यंत चंद्रिका पडद्यासमोर बसून होती. गालावर पीठ तसंच, ओठांवर मघाची ओवी. पडद्यावर तीन चौकोन होते: नाकारावा, दुरुस्त करावा, छापावा. तिनं 'छापावा'वर खूण केली. खाली दर वेळचा शेवटचा प्रश्न आला: 'हा लेख ज्या जुन्या संशोधनाला खोडून काढतो, त्याच्याशी तपासनीस म्हणून तुमचा काही संबंध?' चंद्रिकानं पिठाच्या बोटांनी उत्तर लिहिलं: 'आहे. ते माझं आहे.'