तितराची हद्द

रिकाम्या पिंजऱ्यावर फडकं टाकून मी तो माळावरच्या गवतात ठेवला. माझ्या पाळलेल्या तितराला हैबतरावाने याच पिंजऱ्यात गोळी घातली होती. कारण काय, तर "माझ्या माळावर दुसऱ्याचं पाखरू ओरडतं." माळ वनखात्याचा होता.

"येईल तो?" बोरीच्या झुडपामागे माझ्याशेजारी बसलेल्या गार्ड मॅडमनी विचारलं.

"तितराच्या नराला आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज खपत नाही, मॅडम. भांडायला धावतोच. माझे वडील त्यांना असेच पकडायचे."

उजाडताच मी ओठांशी मूठ धरली आणि माझ्या मेलेल्या तितराच्या आवाजात ओरडत राहिले. हैबतराव बंदूक घेऊन, शिव्या देत, गवत तुडवत आला. समोर पिंजरा दिसताच त्याने फडक्यावर गोळी झाडली. आजूबाजूच्या झुडपांत दबा धरलेल्या वनखात्याच्या गार्डांनी त्याला तिथेच धरलं.

मॅडमनी फडकं उचललं. आत एक पीससुद्धा नव्हतं.

त्याला जीपमध्ये चढवत होते, तेव्हा मी मागून पुन्हा तसंच ओरडले. हातात बेड्या होत्या, तरी तो गर्रकन वळला.

"बघा मॅडम," मी म्हटलं, "अजून भांडायला येतोय."