टाचेत अडकलेलं बोट

पत्रूभाऊने आधीच सांगून टाकलं की यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तरी त्याचाच अजून बसलेला नाही.

शनिवारची दुपार होती. चर्चच्या ओट्यावर ईस्टरसाठी बांबूची कमान बांधणं चालू होतं. बांधत होते मंगरू आणि रोशन, सणाला आरमोरीहून सासुरवाडीला आलेले दोघे साडू. पत्रूभाऊ सुतळी धरून बसला होता. चाळीस वर्षं चर्चची घंटा वाजवलेल्या माणसाला सुतळी धरणं जरा हलकं काम, म्हणून तो तोंड चालवत होता.

गोष्ट परवाच्या गुरुवारची. मरणाच्या आदल्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून दरवर्षी त्या दिवशी गावात बारा जणांचे पाय धुतात. धुतात सुनिलभाऊ. पंचवीस वर्षांपूर्वी याच ओट्यावर त्यांनी जंगल राखायला संघटना काढली, तेव्हा पहिला नियम हाच लिहिला होता. जो पुढारी होईल त्याने वर्षातून एकदा खाली बसायचं, बारा जणांचे पाय धुवायचे, आणि पाय हातात असेपर्यंत तो माणूस जे विचारेल त्याचं खरं उत्तर द्यायचं. एका वर्षी कोणीतरी विचारलं, सुनिलभाऊ, तुमची जीप कोणाच्या डिझेलवर फिरते? सुनिलभाऊंनी ठेकेदाराचं नाव सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते सायकलवर दिसू लागले.

आता सुनिलभाऊ सभापती आहेत. त्यांना साहेब म्हणतात.

यंदा विचारण्यासारखं एकच होतं. माघात कोणीतरी डोंगरावरच्या मोहाच्या झाडांवर लाल रंगाने तोडणीचे आकडे टाकून गेलं. खाणीचा रस्ता तिथून जाणार म्हणे. संघटनेने होकार दिल्याशिवाय तो जाऊ शकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. होकार दिला की नाही, हे कोणी सांगत नव्हतं.

तर साहेबांच्या माणसांनी काय केलं, पत्रूभाऊ सांगू लागला, रांगेतल्या लोकांचे पाय आधीच नळावर नेऊन धुतले. कोमट पाणी, साबण, वरून खोबरेल. मग साहेब आले. पाटावर बसले, पण पाटावर उशी होती. परातीत बाटलीतलं पाणी. अकरा जणांनी धुतलेले पाय पुढे केले, आणि अकराही जणांनी साहेबांना तब्येत कशी आहे ते विचारलं. साहेबांनी अकरा वेळा खरं उत्तर दिलं.

बारावी एक बाई होती. तिचे पाय नळावर न्यायचे राहून गेले होते. तिच्या टाचेला अशी भेग, की गेल्या पेरणीत तिच्यात धानाचा दाणा पडला तो उगवला.

मंगरू हसला. लोंबी नाही आली, पत्रूभाऊ म्हणाला, उगाच वाढवून सांगायचं नाही.

साहेबांनी टाच चोळायला घेतली आणि त्यांची करंगळी भेगेत गेली. ओढली, निघेना. पीएने साहेबांना ओढलं, पोलिसाने पीएला, फोटोवाल्याने कॅमेरा खाली ठेवून पोलिसाला. पाळकसाहेबांनी दिव्यातलं तेल ओतलं. बाई जागची हलली नाही. तिने फक्त विचारलं, माझ्या नऊ झाडांवर आकडे कोणी टाकायला लावले?

साहेब म्हणाले, चौकशी करू. भेग आवळली. साहेब म्हणाले, ते वरूनच ठरलं. नख निळं पडलं. साहेब म्हणाले, विकास. तेव्हा मात्र मनगटापर्यंत हात आत गेला.

शेवटी साहेब रडले. मी सही केली, म्हणाले, आणि तिच्याकडे पाहून म्हणाले. त्याबरोबर हात सुटला. साहेबांनी होकाराचा कागद मागवला, तिथेच फाडला, आणि परातीतलं पाणी स्वतः डोंगरावर नेऊन झाडं धुतली.

"एकही आकडा नाई राह्यला," पत्रूभाऊ म्हणाला.

रोशनने विचारलं, बाई कोण होती?

तेवढ्यात चर्चच्या मागून सोनीबाई येत होती, डोक्यावर मोहफुलांची टोपली. पत्रूभाऊने सुतळी सोडून तिच्याकडे हात केला.

"हेच ते. विचारा तिले."

दोघे साडू तिच्या पायांकडे पाहू लागले. सोनीबाईने टोपली उतरवली आणि काय चाललंय ते विचारलं. मंगरूने तिला सगळं सांगितलं, झाडं धुतली तिथपर्यंत. नऊ झाडांचं ऐकताना तिने एकदा डोंगराकडे पाहिलं.

"आकडे हायेत तसेच हायेत," ती म्हणाली. "आत्ताच पाहून आली."

बाईमाणूस आहे, लाजते, असं पत्रूभाऊने दोघांना समजावलं.

"लाजून नाई राह्यली, पत्रूभाऊ. मी रांगेत होतीच कुठी? मले इचाराचं होतं, म्हणून सकाळपासून बसली होती. तुम्हीच तर माहा हात धरून उठवलं. म्हणाले, तुह्या टाचा साहेबाच्या हाताले टोचतीन."