बायकांचं दुखणं

"दुखत नसली तं काही भेव नाही ना, बेबीताई?"

सासूबाईंनी हे इतक्या हळू विचारलं, की शेजारी बसलेल्या पौर्णिमालाच तेवढं ऐकू आलं. समाजमंदिरातला बायकांचा कार्यक्रम संपला होता आणि बाकीच्या जणी चहाकडे वळल्या होत्या. गावच्या आशा सेविका बेबीताई यांनी छातीतली गाठ हातानं कशी तपासायची ते नुकतंच समजावलं होतं.

"दुखत नाही म्हणूनच तं माणूस फसते, वच्छलाबाई," बेबीताई म्हणाल्या. "कोणाले हाय?"

"कोणाले नाही. असंच इचारलं."

असंच इचारलं, असंच वाटलं म्हणत म्हणतच पौर्णिमाची माय गेली होती. मूर्तिजापूरच्या घरात मायनं वर्षभर गाठ पदराखाली झाकली आणि अकोल्याच्या डॉक्टरांपर्यंत पोचली तेव्हा त्यांच्याही हातात फारसं काही उरलं नव्हतं. एक माय गेली, आता ही दुसरी जाऊ द्यायची नाही, असं तिनं तिथंच ठरवलं.

त्या दिवसापासून ती सासूबाईंवर लक्ष ठेवू लागली. फवारणीचा पंप वाहून सासऱ्यांचा, खुशालरावांचा, खांदा आखडला होता. सासूबाई रोज तेलाची वाटी घेऊन त्यांना चोळून देत. पूर्वी हे काम अंगणात, बाजेवर, शेजाऱ्यापाजाऱ्यांची उणीदुणी काढत चालायचं. आता दार लोटून घेतलेलं असायचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात ओट्यावर उघडे बसणारे खुशालराव यंदा सदरा उतरवत नव्हते. उशिरा का होईना, सासरेबुवांना रीतभात सुचली म्हणायची, असं वाटून पौर्णिमाला त्यातल्या त्यात हसूच आलं.

एका संध्याकाळी मात्र खोलीतून सासूबाईंचा हुंदका ऐकू आला, आणि मागोमाग सासऱ्यांचा आवाज.

"चरबीची गाठ असन. काहून जीव खाऊन राह्यली?"

पौर्णिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे चरबीची गाठ! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. या माणसाला काय कळणार?

दुसऱ्या दिवशी तिनं सासूबाईंना न्हाणीपाशी गाठलं.

"आई, मले सारं माहीत झालं. गाठ हाय ना?"

वच्छलाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मग त्यांनी मान हलवली.

"हाय. चिंचोक्याएवढी. कोणाले सांगजो नोको, पोरी. नितेशलेही नोको. लोक हासतीन."

"यात हासाचं काय हाय? आजारच हाय तो."

"तुले नाही समजत."

"मायच्या टायमाले मी गप्प राह्यली. आता नाही राहणार. अमरावतीले चाला."

"मी तं केव्हाचीच तयार हावो," सासूबाईंचे डोळे भरून आले. "ह्यायलेच समजाव. मी सांगून सांगून थकली."

आता पंचाईत आली. भातकुलीकडच्या त्या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. ते खाकरत अंगणात आले की पौर्णिमा डोक्यावर पदर घेऊन बाजूला व्हायची, आणि जे सांगायचं ते नवरा नितेश किंवा सासूबाई यांच्यामार्फत जायचं. पण नवऱ्याला तर सांगायचं नव्हतं. ती दाराआड उभी राहिली आणि सगळा धीर एकवटून बोलली.

"बाबा, उद्या आईले दवाखान्यात न्याचं हाय. तुमालेही या लागन."

खुशालरावांनी अडकित्ता खाली ठेवला. "बायकांचं दुखणं ते. तिथं माणसाचं काय काम?"

"माही माय वर्षभर थांबली होती, बाबा. थांबल्यानं गाठ जात नाही, माणूस जाते."

बाज करकरली. ते उठून गेले की काय, असं तिला वाटलं.

"लवकर गेलं तं वाचतात काय?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"लय जण वाचतात."

"बरं. येईन."

पौर्णिमाचा राग तिथंच विरला. वरून फणसासारखा असला तरी माणसाचा बायकोवर जीव आहे, हे तिला पहिल्यांदा जाणवलं. तिनं लगेच फोन करून सासूबाईंच्या नावानं नंबर लावला.

अमरावतीच्या दवाखान्यात सगळ्या बायकाच होत्या. खुशालराव कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून, जमिनीकडे बघत बसले. तेवढ्यात गावातल्या गंगूबाई आतून बाहेर आल्या. यांना कळलं म्हणजे गावाला कळलं.

"अवो वच्छलाबाई, कोणाले दाखवाले आणलं?"

"मलेच," वच्छलाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "छातीत गाठ हाय मले."

पौर्णिमा बघतच राहिली. काल घरच्या पोराला सांगू नको म्हणणारी बाई आज भर दवाखान्यात सांगत होती. दुखणं मान्य केलं म्हणजे अर्धी लढाई झाली, असं मनाशी म्हणत तिनं सासूबाईंचा हात घट्ट धरला.

नंबर आला. दोघी आत गेल्या. डॉक्टर जुईली शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी हात धुतले आणि पडद्याआडच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"या आजी, इथे झोपा. घाबरू नका."

वच्छलाबाई जागच्या हलल्या नाहीत. मग त्या वळल्या, दार उघडून बाहेर गेल्या आणि नवऱ्याला हाताला धरून आत घेऊन आल्या. दाराची कडी त्यांनी स्वतः लावली. मग त्यांनी खुशालरावांच्या सदऱ्याची वरची गुंडी सोडली.

"पोरी, तू जरा भिंतीकडं तोंड कर," त्या म्हणाल्या. "ह्यायले लाज वाटते. गाठ ह्यायच्या छातीत हाय."